शेजारच्या सर्व्हरची डिस्क आपल्या सर्व्हरला: लिनक्सवर एनव्हीएमई-टीसीपी, पायरीपायरीने

एका सर्व्हरमधली एनव्हीएमई डिस्क (वेगवान फ्लॅश डिस्क) अर्धीअधिक रिकामी पडलेली असते आणि दोन रॅक सोडून बसलेल्या डेटाबेसला मात्र जागा पुरत नसते. सर्व्हर चालवणाऱ्या प्रत्येकाने हे कधी ना कधी पाहिलेलं असतं. डिस्क उपसून तिकडे लावता येते, पण मग पुढच्या महिन्यात उलटी गरज पडते. त्यापेक्षा डिस्क जागेवर ठेवून ती नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनला द्यावी, आणि त्या मशीनला ती स्वतःचीच वाटावी, हे बरं.

एनएफएस इथे कामाचं नाही. ते फायली देतं, आणि आपल्याला हवं आहे कोरं ब्लॉक डिव्हाइस, ज्यावर एक्सएफएससारखी फाइलसिस्टिम, एलव्हीएम (जागेचे लवचिक भाग पाडणारी सोय) किंवा थेट डेटाबेस बसवता येईल. त्यासाठी लिनक्समध्ये बरेच मार्ग आहेत. एनबीडी फार जुना आणि साधा. आयएससीएसआयचं मानक २००४ मध्ये आलं आणि आजही ते हजारो ठिकाणी इमानेइतबारे चालतंय. सेफचा (अनेक सर्व्हरच्या डिस्क एकत्र करणाऱ्या प्रणालीचा) क्लस्टर असेल तर त्याचा आरबीडी ड्रायव्हर आहे. मी गेली काही वर्षं नव्या कामाला एनव्हीएमई-टीसीपीच लावतो, म्हणजे एनव्हीएमईच्या कमांड साध्या टीसीपी नेटवर्कवरून नेणारा ड्रायव्हर. हा ड्रायव्हर मार्च २०१९ मध्ये आलेल्या ५.० कर्नलपासून लिनक्सच्या मूळ झाडातच आहे. वेगळं काही कंपाइल करावं लागत नाही, खास नेटवर्क कार्डही लागत नाही.

कमांड आणि फायलींची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, शेजारी बसलेल्या सहकाऱ्याला सांगावीत तशी. टर्मिनलवर अर्थातच ती रोमन लिपीत टाइप करायची. जी मशीन डिस्क देते ती टार्गेट, जी घेते ती होस्ट, एवढे दोन शब्द पक्के करून ठेवा. नवखा माणूस पहिला दिवसभर या दोघांची अदलाबदल करतो.

हा ड्रायव्हर वेगवान का

एनव्हीएमईची मूळ रचना पीसीआय एक्सप्रेस स्लॉटसाठी झाली. जुन्या साटा डिस्कच्या एएचसीआय पद्धतीत एकच रांग, तिच्यात फार तर ३२ कमांड. एनव्हीएमईमध्ये प्रत्येक सीपीयू कोअरला स्वतःची रांग मिळते, त्यामुळे कोणी कोणाच्या कुलपासाठी थांबत नाही. २०१६ मध्ये 'एनव्हीएमई ओव्हर फॅब्रिक्स' आलं. त्याने हीच रांग तारेवर नेली, पण सुरुवातीला आरडीएमए कार्ड (दुसऱ्या मशीनच्या मेमरीत थेट वाचणारं-लिहिणारं) किंवा फायबर चॅनल लागायचं. २०१८ च्या नोव्हेंबरात टीसीपीचा पर्याय मंजूर झाला आणि हे साध्या इथरनेटवर आलं.

टीसीपीवर नेताना रचनाकारांनी एक साधी गोष्ट केली: एक रांग म्हणजे एक टीसीपी कनेक्शन. सोळा कोअरच्या होस्टवर सोळा आय-ओ कनेक्शन आणि एक प्रशासनासाठी, अशी सतरा उघडतात. आयएससीएसआयमध्ये नेहमीच्या मांडणीत एका सेशनला एकच कनेक्शन असतं, आणि सगळे कोअर त्या एकाच दारातून आत-बाहेर करतात. फरक मुख्यतः इथे पडतो.

एका लेखनाचा प्रवास पाहू. डेटाबेसने ४ केबीचं पान लिहिलं. फाइलसिस्टिममधून ते ब्लॉक लेयरला आलं. ब्लॉक लेयरने ज्या कोअरवर काम चालू आहे त्याच कोअरच्या रांगेत विनंती टाकली. ड्रायव्हरने ६४ बाइटची एनव्हीएमई कमांड बनवली, पुढे ८ बाइटचा मथळा लावला, मागे ते ४ केबी जोडले आणि सगळं एका दमात सॉकेटमध्ये सोडलं. टार्गेटने डिस्कवर लिहिलं आणि २४ बाइटचं उत्तर पाठवलं. एक फेरी, काम संपलं.

लेखन मोठं असेल तर मात्र दोन फेऱ्या लागतात. लिनक्सचा टार्गेट नेहमीच्या मशीनवर १६ केबीपर्यंतचा मजकूर कमांडसोबत स्वीकारतो. त्याहून मोठं असेल तर होस्ट आधी फक्त कमांड पाठवतो, टार्गेट 'आता पाठव' असं कळवतो, आणि मग मजकूर निघतो. १६ केबीच्या लेखनापेक्षा ३२ केबीचं लेखन अचानक उडी मारल्यासारखं हळू का, म्हणून मी एकदा अर्धा दिवस स्विच तपासत बसलो होतो. स्विच बिचारा निर्दोष होता. ही मर्यादा टार्गेटच्या पोर्टवर 'पॅराम इनलाइन डेटा साइझ' या फाइलमध्ये बदलता येते, पण पोर्ट चालू होण्याआधीच.

आणखी एक गोष्ट माहीत असावी. पाठवताना ड्रायव्हर मेमरीतलं पान शक्यतो कॉपी न करता थेट नेटवर्ककडे देतो, पण आलेला मजकूर एकदा कॉपी करावाच लागतो. त्यामुळे वाचनाचा भार जास्त असेल तर होस्टचा सीपीयू जास्त तापतो. क्षमता ठरवताना हे धरा.

आधी तार मोजा

कमांड टाइप करायच्या आधी कागदावर गणित करा. एक गिगाबिटच्या तारेतून सेकंदाला फार तर १२५ एमबी जातात. ४ केबीच्या तुकड्यांत ते साधारण ३०,५०० होतात, म्हणजे घरगुती एसएसडीपेक्षाही कितीतरी कमी. शिकायला एक गिगाबिट ठीक आहे, कामाला नाही. दहा गिगाबिट म्हणजे १.२५ जीबी, पंचवीस म्हणजे जवळपास ३.१ जीबी. पीसीआय तिसऱ्या पिढीची चांगली डिस्क एकटीच तेवढं देते.

खरा खेळ वेळेचा आहे. चांगल्या फ्लॅश डिस्कचं एक छोटं वाचन साधारण १०० मायक्रोसेकंदांत होतं. समजा नेटवर्क आणि दोन्ही बाजूंच्या कर्नलने मिळून ५० वाढवले. एका वेळी एकच विनंती करणारा प्रोग्राम आधी सेकंदाला १०,००० वाचनं करायचा, तो आता ६,६६६ वर येईल. त्याच जागी एकदम ३२ विनंत्या सोडणारा प्रोग्राम १५० मायक्रोसेकंदांतही सेकंदाला दोन लाखांवर जाईल, कारण त्याचं थांबणं एकमेकांत मिसळून जातं. याचा अर्थ, समांतर वाचणाऱ्या कामाला नेटवर्क फारसं जाणवणार नाही, पण पोस्टग्रेस डेटाबेसच्या वॉल फाइलसारखं (बदलांच्या लॉगसारखं) एकामागोमाग एक, प्रत्येक वेळी 'पोहोचलं का' विचारत लिहिणाऱ्या कामाला नक्की जाणवेल. तो लॉग स्थानिक डिस्कवर ठेवायचा की नाही, हे याच टप्प्यावर ठरवा.

अंतरही यात आलं. काचेच्या तारेत प्रकाशाला किलोमीटरमागे सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. सर्व्हर पुण्यात आणि डिस्क मुंबईत ठेवली तर दीडशे किलोमीटरच्या तारेत जाऊन-येऊन दीड मिलिसेकंद नुसत्या प्रवासात जातात, म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या वेळेच्या पंधरापट. 'डिझास्टर रिकव्हरीसाठी डिस्कच तिकडे ठेवू' अशी कल्पना मीटिंगमध्ये दर वर्षी कोणीतरी मांडतंच. त्यासाठी रेप्लिकेशन असतं. हा ड्रायव्हर एका डेटासेंटरच्या आत, शक्यतो एकाच स्विचवर वापरायचा.

आता होस्टवरून टार्गेटला दोन प्रकारे पिंग करा. एकदा साधं, सेकंदाला एक पॅकेट. नंतर रूट होऊन फ्लड पिंग, म्हणजे उत्तर येताच पुढचं. बऱ्याचदा फ्लडची सरासरी साध्या पिंगपेक्षा लक्षणीय कमी येते. साध्या पिंगच्या दोन पॅकेटांमध्ये सीपीयू डुलकी घेतो आणि कार्डही इंटरप्ट (सीपीयूला 'काम आलंय' असं सांगणारे इशारे) जमवून मग देतं. हलक्या भाराला डिस्क हळू वाटते ती यामुळेच. रेड हॅटच्या घराण्यातल्या मशीनवर 'ट्यून्ड'चं 'नेटवर्क-लेटन्सी' प्रोफाइल लावलं की डुलकीचा बराचसा भाग जातो. वीजबिल थोडं वाढतं, ते मान्य करा.

जंबो फ्रेम (नेहमीपेक्षा मोठी पॅकेटं) लावायच्या असतील तर दोन्ही मशीन आणि मधला स्विच, तिन्हीकडे लावा. एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) ९००० करून झाल्यावर 'तुकडे करू नको' हा पर्याय देऊन ८९७२ बाइटचं पिंग मारा. २० बाइट आयपीचे आणि ८ आयसीएमपीचे धरून बरोबर ९००० होतात. हे पिंग गेलं नाही तर कुठेतरी एक पोर्ट १५०० वरच आहे. यातली गंमत अशी की अशा अवस्थेतही डिस्क जोडली जाते, यादीत दिसते, आणि पहिल्या मोठ्या वाचनाला गप्प बसते.

टार्गेटची मांडणी

दोन्ही मशीनवर 'एनव्हीएमई-सीएलआय' पॅकेज टाका. टार्गेटवर 'मॉडप्रोब एनव्हीएमईटी-टीसीपी', होस्टवर 'मॉडप्रोब एनव्हीएमई-टीसीपी'. पहिल्यात मधे एक जास्तीचा 'टी' आहे, टार्गेटचा. उबुंटूवर मॉड्यूल सापडत नाही असं आलं तर घाबरू नका. ते 'लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा' नावाच्या वेगळ्या पॅकेजमध्ये असतं आणि छोट्या क्लाउड इमेजवर ते नसतं.

खरी डिस्क आत्ताच देऊ नका. टार्गेटवर 'मॉडप्रोब नल-ब्लॉक' करा. त्याने 'नलबी-शून्य' नावाचं खोटं डिव्हाइस तयार होतं. ते आकार २५० जीबी सांगतं, पण लिहिलेलं काही ठेवत नाही आणि वाचायला लगेच तयार असतं. म्हणजे डिस्कचा वेळ जवळपास शून्य. यावर जे काही मोजाल ते निव्वळ तारेचं आणि ड्रायव्हरचं असेल.

टार्गेटची सगळी मांडणी फोल्डर बनवून होते. /सिस/कर्नल/कॉन्फिग/एनव्हीएमईटी या फोल्डरमध्ये जा. आत तीन फोल्डर दिसतील: होस्ट्स, पोर्ट्स, सबसिस्टिम्स. पहिल्यांदा हे विचित्र वाटतं, कारण इथे 'एमकेडीआयआर' केल्याबरोबर कर्नल त्या फोल्डरात आपणहून फायली तयार करतो.

सबसिस्टिम म्हणजे होस्टला एकत्र दिसणारा डिस्कांचा गट. सबसिस्टिम्समध्ये नवं फोल्डर करा. त्याचं नाव म्हणजे एनक्यूएन, म्हणजेच त्या सबसिस्टिमची एकमेव ओळख: 'एनक्यूएन', मग टिंब, वर्ष-महिना, टिंब, तुमच्या डोमेनचं उलटं नाव, विसर्गासारखं कोलन आणि शेवटी तुमच्या आवडीचं नाव. शेवटचा भाग विचार करून ठेवा. 'टेस्ट१' नाव दिलेल्या सबसिस्टिमवर पुढे तीन वर्षं प्रॉडक्शन चालतं, हे मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलंय.

या फोल्डरच्या आत 'नेमस्पेसेस'मध्ये १ नावाचं फोल्डर करा; नेमस्पेस म्हणजे गटातली एक डिस्क. त्यातल्या 'डिव्हाइस-पाथ' फाइलमध्ये 'नलबी-शून्य'चा पूर्ण मार्ग इको करा आणि मग 'इनेबल' फाइलमध्ये १ इको करा. क्रम महत्त्वाचा: मार्ग आधी, चालू नंतर.

पोर्ट्समध्ये १ नावाचं फोल्डर. त्यातल्या चार फायली भरायच्या: वाहतुकीचा प्रकार 'टीसीपी', पत्त्याचं कुटुंब 'आयपीव्ही४', टार्गेटचा स्टोरेजच्या जाळ्यातला आयपी पत्ता, आणि पोर्ट ४४२०. पत्ता म्हणून चारही शून्य देऊ नका. तसं केलं तर डिस्क ऑफिसच्या जाळ्यावरही उघडी पडते.

शेवटची गाठ सिमलिंकची. पोर्टच्या फोल्डरातल्या 'सबसिस्टिम्स'मध्ये वर केलेल्या सबसिस्टिमची लिंक टाका. ज्या क्षणी लिंक पडते त्या क्षणी पोर्ट उघडतं. 'डीमेसेज'मध्ये (कर्नलच्या संदेशांत) पोर्ट चालू झाल्याची ओळ दिसायला हवी. दिसली नाही तर बहुधा पत्ता त्या मशीनचा नाही. फायरवॉलमध्ये ४४२० टीसीपी उघडा, फक्त स्टोरेजच्या जाळ्यासाठी.

परवानगी कोणाला

चाचणीपुरतं सबसिस्टिमच्या 'अलाउ एनी होस्ट' फाइलमध्ये १ टाकून कोणालाही येऊ देतात. मी चाचणीतही तसं करत नाही, कारण तो एकचा शून्य करायचं राहूनच जातं. होस्टवर /ईटीसी/एनव्हीएमई/होस्टएनक्यूएन ही फाइल वाचा. ती त्या होस्टची ओळख. टार्गेटवरच्या होस्ट्स फोल्डरात त्याच नावाचं फोल्डर करा, 'अलाउ एनी होस्ट' शून्य आहे हे बघा, आणि सबसिस्टिमच्या 'अलाउड होस्ट्स'मध्ये त्या फोल्डरची लिंक टाका. शून्य नसेल तर कर्नल लिंक टाकूच देत नाही.

इथे एक जखम सांगतो. एका कामात आम्ही एकाच टेम्प्लेटवरून तीन व्हर्च्युअल मशीन काढल्या होत्या. टेम्प्लेट बनवताना एनव्हीएमई-सीएलआय आधीच टाकलेलं होतं, त्यामुळे ती ओळखीची फाइलही टेम्प्लेटसोबत तिन्हीकडे गेली. टार्गेटच्या दृष्टीने तिघी एकच. परवानगी एकीला दिली, डिस्क तिघींना दिसली. डेटाबेस पहिलीवर चालू होता. दुसरीवर कोणीतरी 'ही कुठली डिस्क?' म्हणून ती माउंट करून पाहिली. ईएक्सटी४ ला दुसरा मालक चालत नाही, आणि ते तक्रारही लगेच करत नाही. दोन दिवसांनी इंडेक्स बिघडल्याचे मेसेज यायला लागले आणि ती रात्र बॅकअप उतरवण्यात गेली. तेव्हापासून क्लोन केलेल्या प्रत्येक मशीनवर मी 'एनव्हीएमई जेन-होस्टएनक्यूएन' चालवून नवी ओळख बनवतो, शेजारची 'होस्टआयडी' फाइलही बदलतो, आणि मगच पुढे जातो.

एकच ब्लॉक डिव्हाइस दोन मशीनवर एकाच वेळी माउंट करायचंच असेल तर जीएफएस२ किंवा ओसीएफएस२ सारखी क्लस्टर फाइलसिस्टिम लागते. ड्रायव्हर ही राखण करत नाही.

होस्ट जोडणे

'एनव्हीएमई डिस्कव्हर', वाहतूक टीसीपी, टार्गेटचा पत्ता, पोर्ट ४४२०. उत्तरात तुमच्या सबसिस्टिमचं एनक्यूएन दिसलं की अर्धं काम झालं. मग 'एनव्हीएमई कनेक्ट', तेच तीन तपशील आणि सोबत एनक्यूएन. 'एलएसबीएलके' मारा, नवी डिस्क दिसेल. 'एनव्हीएमई लिस्ट-सबसिस' मध्ये तिच्यापुढे 'लाइव्ह' लिहिलेलं असेल. 'एसएस' कमांडने ४४२० कडे जाणारी कनेक्शनं मोजा आणि कोअरच्या संख्येत एक मिळवून ताडून पाहा. आकडा फार कमी आला तर रांगा कमी मिळाल्या आहेत, आणि वेगाची पुढची सगळी तक्रार तिथेच सुरू होते.

कनेक्ट झालं नाही तर होस्टवरचा संदेश फारसं सांगत नाही. टार्गेटचं 'डीमेसेज' वाचा, होस्टला परवानगी नाही वगैरे खरं कारण तिथे असतं.

मोजणी

डिस्कचा वेग मोजणारं 'एफआयओ' घ्या. याचा लेखक येन्स आक्सबो, लिनक्सच्या ब्लॉक लेयरची देखरेख करणारा तोच, त्यामुळे हत्यार आणि कारखाना एकाच हातचे आहेत. पहिली चाचणी: यादृच्छिक वाचन, ४ केबीचे तुकडे, खोली १ (म्हणजे एका वेळी एकच विनंती), एकच जॉब, डायरेक्ट १ (मधली कॅश टाळून), साठ सेकंद. दुसरी तशीच, पण खोली ३२ आणि जॉब कोअरइतके. डायरेक्ट १ विसरलात तर तुम्ही होस्टची रॅम मोजाल आणि खूश व्हाल.

या दोन चाचण्या तीन ठिकाणी करा: टार्गेटवर बसून खऱ्या डिस्कवर, होस्टवरून नल डिव्हाइसवर, आणि शेवटी होस्टवरून खऱ्या डिस्कवर. खोली १ च्या चाचणीत पहिले दोन वेळ मिळवले की तिसरा साधारण यायला हवा. तिसरा बेरजेपेक्षा बराच मोठा आला तर काहीतरी एकमेकांच्या आड येतंय, बहुधा टार्गेटवरचे नेटवर्कचे इंटरप्ट आणि डिस्कचे इंटरप्ट त्याच कोअरवर पडताहेत, किंवा कार्ड एका न्यूमा नोडवर (एका सीपीयूच्या आणि त्याच्या मेमरीच्या गटात) आणि डिस्क दुसऱ्यावर आहे. सरासरीवर समाधान मानू नका. ९९ व्या टक्क्याचा वेळ बघा, म्हणजे शंभरातल्या ९९ विनंत्या ज्याच्या आत संपतात तो; डेटाबेसच्या तक्रारी तिथून येतात.

लेखनाची चाचणी कोऱ्या डिव्हाइसवर चालवली तर त्यावरचा डेटा जातो. नल डिव्हाइसवर बिनधास्त करा. खऱ्या डिस्कवर आधी नाव दोनदा वाचा.

खरी डिस्क, आणि तिची ओळख

आता नेमस्पेस बंद करून 'डिव्हाइस-पाथ'मध्ये खऱ्या डिस्कचा किंवा एलव्हीएमच्या व्हॉल्यूमचा मार्ग द्या. मला व्हॉल्यूम आवडतो, पुढे वाढवता येतो. डिस्कचा मार्ग 'डेव्ह'मधल्या 'बाय-आयडी' फोल्डरातून घ्या, कारण क्रमांक रीबूटनंतर बदलू शकतो.

त्याच फोल्डरात 'डिव्हाइस-यूयूआयडी' नावाची फाइल आहे, डिस्कच्या एकमेव ओळखक्रमांकाची. तिला हात लावला नाही तर कर्नल नेमस्पेस बनवताना दर वेळी नवी यूयूआयडी टाकतो. टार्गेट रीबूट झाला, तुमच्या स्क्रिप्टने सगळी फोल्डरं पुन्हा केली, होस्ट पुन्हा जोडला गेला, आणि होस्टने पाहिलं की क्रमांक १ ची डिस्क आता वेगळीच कोणी आहे. तो 'आयडेंटिफायर्स चेंज्ड' असं लिहून ती डिस्क काढून टाकतो, वर माउंट असली तरी. त्याचं बरोबरच आहे म्हणा, अनोळखी डिस्कवर लिहिण्यापेक्षा हे बरं. म्हणून यूयूआयडी एकदा स्वतः ठरवून लिहा. स्क्रिप्टऐवजी 'एनव्हीएमईटीसीएलआय' वापरलं तर त्याची 'सेव्ह' कमांड यूयूआयडीसकट सगळी मांडणी /ईटीसी/एनव्हीएमईटी मधल्या एका जेसन फाइलमध्ये ठेवते आणि बूटच्या वेळी त्याची सेवा ती परत उभी करते. हाताने फोल्डरं करण्याचा फायदा शिकण्यापुरता.

होस्टवर फाइलसिस्टिम करा, आणि 'एफएसटॅब'मध्ये (बूटला काय माउंट करायचं त्या यादीत) डिव्हाइसचं नाव न लिहिता फाइलसिस्टिमची यूयूआयडी लिहा. पर्यायांत 'अंडरस्कोर नेटडेव्ह' आणि 'नोफेल' दोन्ही टाका. पहिला सांगतो की नेटवर्क आल्यावरच माउंट कर. दुसरा नसेल आणि टार्गेट बंद असेल तर होस्ट बूट होताना आपत्कालीन शेलमध्ये अडकतो, आणि मग रात्री कोणाला तरी कन्सोलपाशी जावं लागतं. टार्गेटचा पत्ता /ईटीसी/एनव्हीएमई/डिस्कव्हरी डॉट कॉन्फ मध्ये लिहा आणि 'एनव्हीएमएफ-ऑटोकनेक्ट' ही सेवा चालू करा. एकदा रीबूट करून खात्री करा, आजच.

तार तोडून बघा

ही पायरी लोक टाळतात, आणि मी यावर सगळ्यात जास्त वेळ घालवतो. नेटवर्कवरच्या डिस्कचा वेग चांगल्या दिवशी सगळ्यांचाच बरा असतो. वाईट दिवशी ती कशी वागते हे आधी माहीत हवं.

एफआयओ चालू ठेवा. टार्गेटवर आयपी-टेबल्सने ४४२० ची पॅकेटं गुपचूप टाकून द्यायला सांगा. नाकारायला सांगू नका, टाकून द्यायलाच. खऱ्या आयुष्यात स्विच मरतो तेव्हा तो नकार पाठवत नाही. एफआयओचा आकडा शून्यावर येईल. थोड्या वेळाने होस्टच्या 'डीमेसेज'मध्ये आधी दुरुस्ती सुरू केल्याची ओळ आणि मग 'रीकनेक्टिंग इन १० सेकंद्स' दिसेल, पुन्हा पुन्हा.

या काळात प्रोग्रामला चूक कळवली जात नाही, फक्त थांबवून ठेवलं जातं. 'पीएस'मध्ये तो 'डी' अवस्थेत दिसेल आणि 'किल उणे नऊ'लाही दाद देणार नाही. लोड अॅव्हरेज चढत जाईल. बघणाऱ्याला वाटतं मशीन मेलं, पण ड्रायव्हर इथे ठरल्याप्रमाणेच वागत असतो. तीन मिनिटांनी नियम काढा. ड्रायव्हर पुन्हा जोडणी करेल, अडकलेल्या विनंत्या परत पाठवेल आणि एफआयओ काही घडलंच नाही अशा थाटात पुढे चालेल. स्विचचं फर्मवेअर बदलताना डेटाबेस खाली न आणता काम उरकतं ते याच जोरावर.

आता तेच पंधरा मिनिटं करा. 'कंट्रोल-लॉस-टीएमओ'चं मूळ मूल्य ६०० सेकंद आहे. दहा मिनिटं उलटल्यावर थोड्या वेळात ड्रायव्हर हात टेकतो, कंट्रोलर काढून टाकतो आणि थांबलेल्या प्रत्येक विनंतीला चूक म्हणून परत पाठवतो. एक्सएफएस स्वतःला बंद करून घेतं. नंतर तार आली तरी आपोआप काही जोडलं जात नाही. अनमाउंट करायचं, पुन्हा कनेक्ट करायचं, जर्नल चालू द्यायचं.

दहा मिनिटं योग्य की अयोग्य हे तुमच्या कामावर आहे. मशीन एकटं असेल आणि दुसरा कोणी भार उचलणारा नसेल तर मी उणे एक देतो, म्हणजे अनंत काळ वाट बघ. डेटाबेसची प्रत दुसरीकडे तयार असेल तर उलट, मिनिटभरात चूक येऊ द्या, म्हणजे क्लस्टर दुसऱ्याला गादी देईल. मधलंच काहीतरी ठेवलं तर दोन्ही बाजूंनी मार खातो. हे मूल्य कनेक्टच्या वेळी द्यायचं असतं, आणि ऑटोकनेक्टच्या फाइलीतही तेच लिहायला विसरू नका. हाताने जोडताना दिलेलं आणि फाइलीत राहिलेलं वेगळं, हा घोळ रीबूट होईपर्यंत कोणाला दिसत नाही.

दोन वाटा आणि कुलूप, थोडक्यात

दोन स्विच असतील तर टार्गेटवर दोन पत्त्यांची दोन पोर्टं करा, दोन्हींवर तीच सबसिस्टिम लिंक करा आणि होस्टवरून दोनदा कनेक्ट करा. एनव्हीएमईचा स्वतःचा मल्टिपाथ कर्नलमध्येच आहे, तो दोन्ही वाटा मिळून एकच डिस्क दाखवतो. 'आयओ-पॉलिसी' मूळची न्यूमा असते, म्हणजे एकच वाट वापरते. दोन्ही सारख्या असतील तर राउंड-रॉबिन करा. मग वरची तार तोडण्याची चाचणी पुन्हा करा, या वेळी एकाच वाटेवर.

तारेवरून सगळं उघड जातं, आणि होस्टची ओळख हे काही गुपित नव्हे, ती कोणीही टाइप करू शकतो. म्हणून वेगळं व्हीलॅन (त्याच स्विचवर पाडलेलं वेगळं जाळं) ही किमान गोष्ट. ६.० कर्नलपासून परस्पर ओळख पटवण्याची सोय आली, ६.७ पासून टीएलएस, म्हणजे तारेवरचा मजकूर कूटबद्ध करणं. टीएलएस लावलं तर मोजणी पुन्हा करा, सीपीयूचा हिशोब बदलतो.

काढताना

उलट्या क्रमाने. होस्टवर आधी अनमाउंट, एलव्हीएम असेल तर ग्रुप निष्क्रिय, मग 'एनव्हीएमई डिस्कनेक्ट' आणि एनक्यूएन. टार्गेटवर पोर्टातली लिंक काढा, नेमस्पेसच्या 'इनेबल'मध्ये शून्य, आणि फोल्डरं आतून बाहेर एकेक 'आरएमडीआयआर' करत या. इथे 'आरएम उणे आरएफ' चालत नाही, कर्नलने केलेल्या फायली तो पुसू देत नाही. कोणी टार्गेट आधी बंद केला तर होस्टवरचं अनमाउंट अडकून बसेल. अशा वेळी मशीनचं बटन दाबायची घाई करू नका. टार्गेट त्याच पत्त्यावर, त्याच यूयूआयडीने परत उभा करा, दहा-वीस सेकंद थांबा, अनमाउंट आपोआप पुढे सरकेल.